सुकडीच्या आधी, सुकडीच्या नंतर

बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी कामं केली, त्यांना त्या वर्षाचं काय आठवतं असं विचारलं की तीन गोष्टी हटकून निघतात. खडी, मिलो आणि सुकडी. खडी फोडून हात सोलवटले होते. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. सुकडीचं नाव निघालं की मात्र सांगणाऱ्याचा आवाज निवळतो. भाजलेलं पीठ, त्यात गूळ आणि थोडं तेल. तिला चूल लागत नव्हती, सरपण लागत नव्हतं, पाणीही लागत नव्हतं. मूठभर हातात घ्यायची आणि तिथंच उभ्यानं खायची. दुष्काळी कामावर आलेल्या माणसांना आणि त्यांच्या पोरांना ती मिळायची, आणि कित्येक पोरांच्या तोंडात त्या वर्षी गेलेला गोड घास तेवढाच होता.

पाऊस गेला तर लहान पोरानं खायचं काय, या प्रश्नाला सरकारनं दिलेलं हे उत्तर. प्रश्न मात्र सुकडीपेक्षा पुष्कळ जुना आहे आणि सुकडी संपल्यावरही तो संपला नाही. त्याचा माग काढायला नगर जिल्ह्याइतका चांगला प्रदेश दुसरा सापडायचा नाही. २०२४पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालं, आणि ज्या अहिल्यादेवींच्या नावानं झालं त्यांचं जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यातलं, म्हणजे या हकिकतीच्या अगदी मधोमध आहे.

या जिल्ह्याचा पाऊस सरासरीच्या आकड्यात सांगता येतो, साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. पण तो आकडा कोणाच्याच अंगणात पडत नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर आणि रतनगडाच्या परिसरात वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून ढग सह्याद्री ओलांडतात ते रिकामे होऊनच. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी या पट्ट्याला उरतं ते तुरळक. तिथलं शेत दोन पावसांवर चालतं. हलक्या रानात मृगात बाजरी, आणि काळ्या रानात हस्ताच्या ओलीवर शाळू. मृग हुकला तर घर नेट धरतं. हस्त हुकला की घराचा कणा मोडतो. शाळूबरोबर कडबाही जातो. ज्वारी उसनवारीनं, कर्जानं बाजारातून आणता येते. कडबा सगळ्यांचा एकाच वेळी संपतो, मग तो कोणाकडून आणायचा? दावणीची जनावरं विकली जातात आणि घरातलं दूध आटतं. दुष्काळ मोठ्या माणसाच्या ताटात पोचण्याआधी पोराच्या वाटीत पोचतो, तो या वाटेनं.

जुन्या कुटुंबांकडे याचं स्वतःचं उत्तर होतं. चांगल्या वर्षाचं धान्य जमिनीतल्या पेवात उतरवायचं. वाईट वर्षासाठी रानात हुलगा आणि मटकी टाकायची, कारण दोन्ही थोड्या ओलीवर येतात. दात न आलेल्या पोराला हुलग्याचं पातळ माडगं, ज्वारीच्या कण्या, आंबील. शेळी असेल तर तिचं दूध, कारण शेळी गाईपेक्षा जास्त दिवस तग धरते. पावसाची एक चांगली सर झाली तरी बांधावर तांदुळजा, घोळ, पाथरी उगवायची आणि कालवणात पडायची. या सगळ्याला मर्यादा होतीच. पेव ज्याच्या घरात, त्याच्याच पोराला ते उत्तर मिळायचं. ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्याच्याकडे पेव कुठून असणार? वतनाच्या तुकड्यावर आणि बलुत्यावर जगणाऱ्या घरांत पाऊस गेला की पहिल्याच महिन्यात उपास सुरू व्हायचा. त्या काळाला सोन्याचा काळ म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे, ती मला पटत नाही.

१८७६ साली पावसानं अर्ध्यावर दगा दिला आणि दख्खनभर दुष्काळ पडला. इंग्रज सरकारनं कामं काढली. दौंड ते मनमाड हा नगरवरून जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या मातीकामावर उपाशी माणसांचे हात राबले होते. या कामांवरची मजुरी हे आपल्या मागोव्यातलं पहिलं लेखी पान आहे. हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहानं जानेवारी १८७७मध्ये दर कमी झाले. पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. बाईला तेवढंच धान्य आणि अर्धा आणा. काम करू शकणाऱ्या पोराला अर्ध्या पौंडाची किंमत आणि पाव आणा. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं या दराविरुद्ध कडाडून लिहिलं, आणि मजुरांनी तर हजारोंच्या संख्येनं कामं सोडून दिली. उपाशी माणसांनी काम नाकारावं, यावरून त्या मजुरीची कल्पना येते.

मला त्या दरपत्रकातलं तिसरं कलम अस्वस्थ करतं. काम करू शकणारं पोर त्यात आहे. न करू शकणारं, अंगावर पिणारं, झोळीतलं पोर मजुरीच्या हिशेबात नाही. ते आईच्या पौंडातून जगायचं. आईला पौंडभर धान्य, दिवसभर माती उपसण्याचं काम, त्यात दूध कितीसं उतरणार? टेंपलच्या पौंडावर मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकीय आक्षेप घेतला. तो वाद गाजला आणि १८८०च्या दुष्काळ आयोगापर्यंत पोचला. आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि कामावरच्या मजुरांच्या आश्रितांना, म्हणजे पोरांनाही, शिजवलेलं अन्न किंवा भत्ता देण्याची तरतूद कागदावर आली. झोळीतलं पोर सरकारच्या वहीत शिरलं ते असं, एका मोठ्या मरणानंतर.

१८९९-१९००च्या दुष्काळात त्या वहीची परीक्षा झाली आणि ती अपुरी पडली. अनाथ पोरांचे लोंढे निघाले. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम तेव्हा अनेक दशकांचं होतं; मिशननं शेकड्यांनी पोरं पदराखाली घेतली. १९००मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं, अमेरिकेतल्या लोकांच्या वर्गणीतून. त्या मदतीच्या वाटपाची व्यवस्था पाहणाऱ्यांत नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम प्रमुख होते. बहात्तरमध्ये अमेरिकेची मिलो रेशनवर आली तेव्हा ‘क्विटो’ची आठवण कोणाला झाली असेल असं वाटत नाही, पण नगरच्या पोराच्या वाटीत अमेरिकेचं धान्य पडण्याची ती पहिली वेळ नव्हती.

मधली सत्तर वर्षं मी भराभर ओलांडतो, एक गोष्ट सोडून. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. अकोल्याच्या डोंगरांवर कोसळणारा पाऊस अडवून प्रवरेच्या कालव्यांनी खाली नेण्यात आला. पुढे १९५०मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्ह्याचे दोन भाग पावसानं आधीच पाडले होते; कालव्यानं तिसरा पाडला. पाऊस एका तालुक्यात, पाणी दुसऱ्या तालुक्यात आणि त्या पाण्यावरच्या उसाला लागणारे हात तिसऱ्या तालुक्यातले. या तिसऱ्याकडे पुन्हा यायचंच आहे.

आता बहात्तर. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ते एकटं वर्ष नव्हतं, तिसरं होतं. १९७० आणि १९७१मध्येही पाऊस धड झाला नव्हता. मे १९७३मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. या कामांनी उपासमारीचे बळी टाळले, आणि तेही अन्नधान्याचं उत्पादन कोसळलेलं असताना. याची दखल पुढे जगभरच्या अभ्यासकांनी घेतली. यातूनच रोजगार हमी उभी राहिली; तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. मला या कामगिरीचा अभिमान वाटतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

तरीही सुकडी कोणाच्या तोंडात गेली हे नीट पाहिलं पाहिजे. चालत्या-बोलत्या पोराला ती मिळाली. मोठ्या माणसांना मिळाली. आठ महिन्यांच्या बाळाला कोरडी सुकडी भरवता येत नाही. ती घशात अडकते. तिची खीर करायला गरम पाणी हवं, भांडं हवं आणि बाळाला मांडीवर घेऊन थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा भरवणारं माणूस हवं. आई खडीवर. आजी असली तर तीही खडीवर. बाळाकडे बघायला सहा-सात वर्षांची बहीण. सुकडीचा सगळा शहाणपणा तिला चूल आणि वेळ लागत नाही यात होता, आणि ज्या वयाला चूल आणि वेळ लागतोच ते वय तिच्या हाती लागलं नाही. पाऊस गेला की धान्य जातं हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या आधी आईचा दिवस जातो. विहीर आटली की पाण्याला दोन मैल, सरपणाला तेवढेच, कामाला त्याहून लांब. रेशन घरापर्यंत येतं. घरापासून बाळाच्या ओठापर्यंतचं अंतर आईच्या वेळानंच तुटतं.

नेमक्या याच काळात जामखेडमध्ये काही वेगळं घडत होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतले आणि १९७०मध्ये जामखेडला त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टर आले म्हणून लोक आनंदले, पण त्यांनी मागितलं ते पाणी आणि अन्न. औषधाचा नंबर नंतर होता. आरोळे दांपत्याचं मोठेपण हे की त्यांनी ते ऐकलं. प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्या भागात हजारी १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती आणि पाच वर्षांखालच्या दर दहा पोरांतली चार कुपोषित होती.

सुरुवात झाली ती पाच वर्षांखालच्या पोरांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांनी. गावागावांत शेतकरी मंडळं तयार झाली, वेगवेगळ्या जातींचे लोक त्यांत आले. पोरांची वजनं करण्याच्या कामाला ही मंडळीही उभी राहिली. काही शेतकऱ्यांनी स्वयंपाकघरासाठी धान्य पिकवायला जमीन दिली. धान्य बाहेरून आलं तेव्हाही ते शिजायचं गावात, आणि बसायची सगळी पोरं एका पंगतीत.

नंतर त्यांच्या लक्षात आलं की पोट भरूनही काही पोरांचं वजन वाढत नाही. कारण पाण्यात होतं. उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरीतलं गढूळ पाणी, आणि पहिल्या पावसात वाहून येऊन तिच्यात पडणारी घाण. जुलाब लागलेल्या पोरानं खाल्लेलं अंगी लागत नाही. भूक मरते, पुढचं दुखणं त्याला लवकर धरतं. दुष्काळ आणि पहिला पाऊस दोन्ही पोरावर एकाच दारानं येतात, हे इथं तराजूवर दिसलं. प्रकल्पानं खोल विंधनविहिरी घेतल्या, हातपंप बसवले. काही गावांत ते मुद्दाम दलित वस्तीत बसवले, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथं यावं लागेल. या पंपांनी दोन कामं केली. जुलाब कमी झाले, आणि आईच्या दिवसातला पाण्यापायी जाणारा वेळ तिला परत मिळाला. दुसऱ्या कामाबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. मला तेच मोठं वाटतं.

आणि शेवटी माणूस. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावातल्याच बायका निवडल्या गेल्या. पुष्कळ जणी निरक्षर, पुष्कळ दलित, काही टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, शिकायच्या आणि गावी जाऊन दुसऱ्या बायकांना सांगायच्या. सहाव्या महिन्यानंतर काय भरवायचं, जुलाबात पाणी तोडायचं नाही तर मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, भाकरी वरणात कुस्करून वर चमचाभर तेल घालायचं. ही बाई आणि आई एकाच गल्लीतल्या. १९९०च्या दशकापर्यंत प्रकल्पाच्या गावांतलं कुपोषण पाच टक्क्यांच्या खाली आलं, आणि मधल्या वर्षांत तिथं पाऊस काही वाढला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५मध्ये लोकांच्या हातच्या आरोग्यसेवेवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचं प्रकरण आहे. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारी वाटेनं सुकडीचं पुढं काय झालं? २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि हळूहळू अंगणवाडी गावोगाव आली. ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकांत गेलं, त्यांना सुकडी आठवते ती दुष्काळी कामावरची नव्हे, अंगणवाडीतली. तीन ते सहा वर्षांची पोरं तिथं जाऊन बसतात, त्यांना ताजं शिजवलेलं मिळू शकतं. त्याहून लहान पोरांसाठी घरी न्यायचा शिधा. नियमानं ठरलेलं माप होतं रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. सर्वोच्च न्यायालयानं २००१मध्ये प्रत्येक वस्तीत अंगणवाडी हवी असं बजावलं, २००४मध्ये आहाराच्या पुरवठ्यातून ठेकेदार हटवा असं सांगितलं. तरी महाराष्ट्रात बंद पाकिटातल्या आहाराचा वाद वर्षानुवर्षं चालला. पोरं ती पाकिटं खात नाहीत, ती जनावरांपुढं जातात, अशा बातम्या अनेकदा आल्या. यात आईला दोष देणं सोपं आहे. पाकीट उघडून शिजवायचं, निववायचं, भरवायचं, हे काम पुन्हा त्याच बाईकडे येतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के पोरं वयाच्या मानानं खुजी निघाली आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं रोडावलेली. त्याच्या चार-पाच वर्षं आधीच्या पाहणीतही आकडे जवळपास हेच होते. रोडावलेलं पोर चांगल्या खाण्यानं भरून येतं. पहिल्या दोन वर्षांत हुकलेली उंची मात्र सहसा भरून निघत नाही. त्यातला काही भाग जन्माआधीच हुकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९९३पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. त्यात दिसलं की सुगी आणि टंचाईबरोबर आईचं खाणं आणि कष्ट बदलतात आणि बाळाच्या जन्माच्या वजनात तो ऋतू उमटतो. इंडोनेशियातला एक अभ्यास याहून पुढं जातो. जन्माच्या वर्षी चांगला पाऊस झालेल्या मुली मोठेपणी अधिक उंच आणि अधिक शिकलेल्या निघाल्या. मुलग्यांत हा फरक आढळला नाही. वाईट वर्षी घर आपलं थोडकं अन्न कोणाच्या वाट्याला देतं, ते यातून कळतं, आणि आपल्याकडे त्याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

पाऊस भरपूर तिथं पोर धष्टपुष्ट, असंही हा जिल्हा म्हणू देत नाही. अकोल्याच्या आदिवासी पाड्यांवर आषाढ-श्रावण हे टंचाईचे महिने. मागच्या साली पिकलेला भात आणि नाचणी संपत आलेली, आवणीचं काम जोरात, बाई दिवसभर चिखलात, पोर ओल्या घरात खोकत आणि हगवणीनं गळत. धो धो पाऊस आणि रिकामी कणगी एकाच घरात. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, परसबागा उभ्या केल्या आणि २०२०च्या पद्मश्री सन्मानापर्यंत पोचल्या. त्या वाल-घेवड्याच्या वेलांकडे मी बियाण्यापेक्षा पोराच्या कालवणाच्या नजरेनं पाहतो. जिथं पाणी अडवून दैव पालटलं, त्या हिवरे बाजारसारख्या गावात कडबा आणि हिरवा चारा आला, दूध वाढलं. बाकी जिल्ह्यातही दूध वाढलं. ते पहाटे संकलन केंद्रावर जातं. त्यातलं कपभर घरातल्या पोरासाठी मागं ठेवणं हे पावसावर नाही, घरच्या माणसावर आहे.

आता तिसरे तालुके. दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाऊस वाईट झाला त्या साली कोयते वाढतात. कोपीच्या शेजारी पाचटावर निजवलेलं पोर आणि पहाटे अंधारात फडात गेलेली आई, हे १८७७च्या मातीकामापासून फार लांबचं चित्र नाही. शाळेच्या वयाच्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या. दुधपित्या पोराचं नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत राहतं आणि पोर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात असतं. मार्च-एप्रिलमध्ये ते परत येतं तेव्हा त्याच्या पहिल्या दोन वर्षांतलं अर्धं वर्ष तराजूविना गेलेलं असतं. राष्ट्रीय रोजगार हमीच्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद झाली. ऊसतोडीला तो कायदा लागू नव्हता.

दुष्काळ पूर्वी आणेवारीवर, पैसेवारीवर ठरायचा. केंद्राच्या २०१६च्या नव्या नियमपुस्तिकेनं पावसाची तूट, पिकाखालचं क्षेत्र, उपग्रहानं टिपलेली पिकांची हिरवळ, जमिनीतली ओल आणि जलसाठे हे निकष ठरवले. त्यांच्या आधारावर ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्रानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हाही चर्चा याच मापांची झाली. या मापांत पोराचं वजन नाही, आणि ते गोळा करायला नवी यंत्रणाही लागणार नाही. अंगणवाडीताई दर महिन्याला वजनं घेते, ती आता फोनवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरते. तलाठी त्याच गावात पिकाची पाहणी करतो. दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांना जातात आणि तालुक्याच्या एकाच बैठकीत शेजारी ठेवल्या जात नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरची वजनं मागच्या सालापेक्षा उतरलेली दिसली, तर टोळ्या निघायच्या आधी हातात तीन-चार आठवडे उरतात. तेवढ्यात कोणती बाळं कुठल्या कारखान्याकडे जाणार याची यादी होऊ शकते, तिथल्या अंगणवाडीला ती कळवता येते, आणि कोप्यांच्या वस्तीवर पोरांना दिवसातून चार वेळा भरवायला पगारी बाई ठेवता येते.